टाकीतल्या अक्षता

मित्रांनो, मी एक मोटार आहे. जुनी आहे, हे कबूल. पण म्हातारी नाही, आणि हा फरक ध्यानात घेतल्याशिवाय पुढे वाचू नका. माझ्या रंगाला पोपडे आले आहेत. छपराच्या कापडाला ठिगळे आहेत. भोंग्याचा रबरी गोळा दाबला की दमेकऱ्याने सुस्कारा टाकावा तसा आवाज येतो. यातले एकही दुखणे माझ्या चालण्याच्या आड येत नाही. तरीसुद्धा मागच्या माघात मला मोडीत काढायला निघाले होते. कोण? दर दसऱ्याला ज्यांनी माझ्या कपाळी कुंकू लावले, तेच! मला तेव्हा राग आला होता. आजही तो पुरता गेलेला नाही.

माझे भाग सातासमुद्रापलीकडच्या कारखान्यात घडले. खोक्यांत बंद होऊन मी बोटीने मुंबईला आले आणि तिथे माझी जोडणी झाली. देवळाली कँपातल्या एका गोऱ्या साहेबाने मला पहिल्यांदा घेतले. तो मला वेळच्या वेळी धुवायचा, तेल द्यायचा, पण माझ्याशी कधी एक शब्द बोलला नाही. तो विलायतेला परत निघाला तेव्हा नाशिकच्या तांबट आळीतल्या देवरामशेठांनी मला विकत घेतले. त्यांचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान होते.

मी आळीत शिरले तेव्हा दोन्ही बाजूंची हातोड्यांची ठोकठोक थांबली. बायका ओट्यावर आल्या. देवरामशेठांची मुलगी मैना तेव्हा परकर नेसायची. तिने माझ्या गुळगुळीत दाराला गाल लावला आणि ओरडली, "आई गं, ही गरम आहे! हिला ताप आलाय!" इतकी वर्षे लोटली, पण माझ्या अंगाला ताप आहे का, हे त्या पोरीखेरीज कोणी विचारले नाही.

मला चालवायला निजाम आला. उंच, हसरा आणि सदा घाईतला. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, घाटावरून पहाटे मला न्यायचा, वाटेत गाणे गुणगुणायचा. माझा जीव होता त्याच्यावर. पण घाईचे सांगते. माझी पेट्रोलची टाकी पुढच्या काचेच्या खाली, इंजिनाच्या मागे आहे. तिचे झाकण काचेपुढे बाहेरून दिसते. तळाला, मागच्या कडेशी, एक लहानसे भोक आणि त्याला बारीकशी नळी. पेट्रोल आपल्या वजनानेच त्या नळीतून इंजिनात उतरते. कचरा आत जाऊ नये म्हणून झाकणाखाली तारेची जाळी बसवलेली होती. जाळीतून पेट्रोल सावकाश उतरायचे. निजामला तेवढा धीर कुठला! पहिल्याच आठवड्यात त्याने ती काढली आणि मला जिथे ठेवत त्या जुन्या गोठ्याच्या खुंटीला अडकवून दिली.

आता देवरामशेठांची रीत ऐका. त्यांच्या दुकानातून कोणतेही भांडे रिकामे जात नसे. घागर असो, परात असो, कोणाच्या लेकीच्या रुखवतातली कळशी असो, गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी शेठ त्यात चिमूटभर अक्षता टाकत. "रिकामं भांडं घराबाहेर धाडायचं नाही," असे म्हणत. त्यांच्या वडिलांची रीत होती ती, आणि रीत चांगलीच होती. भांड्यांसाठी.

पहिला दसरा आला. ऐरण, हातोडे, कातऱ्या सगळ्यांची पूजा झाली. मग ताट घेऊन मंडळी माझ्यापुढे आली. झेंडूची माळ, हळद, कुंकू. मी अगदी भारावून गेले होते. तेवढ्यात शेठ म्हणाले, "निजाम, झाकण उघड टाकीचं."

"कशाला शेठ?"

"अरे, टाकी म्हणजे भांडंच की नाही? मग ती काय रिकामी पुजायची?"

"रिकामी कुठंय? पेट्रोल आहे की आत."

"पेट्रोल तिचं. अक्षता आपल्या."

निजामने झाकण उघडले आणि एक हात छातीशी धरून अदबीने उभा राहिला. शेठांनी डोळे मिटले आणि कुंकवाने माखलेल्या अक्षतांची एक चिमूट माझ्या टाकीत सोडली. शेठांच्या पत्नी चिमणाबाई, त्यांनी मला ओवाळले. हँडल मारल्यावर मी खोकले. मला ठसका लागला होता! तर सगळे टाळ्या वाजवून म्हणाले, "बघा, बघा, कशी खूश झाली!"

पुढे ते ठरूनच गेले. दसऱ्याला चिमूट, पाडव्याला चिमूट, कोणाच्या लग्नात नवरदेव बसवायचा असला की निघताना चिमूट. मित्रांनो, तांदळाचा दाणा पेट्रोलात विरघळत नाही, कुजत नाही, कुठे जातही नाही. तो तळाशी जाऊन बसतो आणि पुढच्या दाण्याची वाट पाहतो.

तरी मी चालत राहिले. पिंपळगावच्या बाजाराला हंडे-पातेली नेली. त्र्यंबकच्या रस्त्याने किती वऱ्हाडे नेली, त्याचा हिशेब कोण ठेवतो? मैनाचे लग्न झाले तेव्हा घाटाखालच्या पेठ गावापर्यंत तिला सासरी मीच पोहोचवले. तिचा नवरा तिथे शाळामास्तर. सबंध वाटभर ती मागच्या गादीत तोंड खुपसून रडत होती. गादीचे कातडे तिच्या आसवांनी ओले झाले होते. सावळघाट उतरताना मी मुद्दाम सावकाश चालले. निजामला वाटले, ब्रेक तोच लावतो आहे. असो.

त्यानंतरच्या वर्षात मी थांबू लागले. सपाट रस्त्यावर ठणठणीत. चढ आला की टाकीतले सगळे दाणे मागे घसरत आणि तळाच्या भोकावर जाऊन बसत. पेट्रोल बंद. मी गुदमरायची आणि थांबायची. जरा मागे सपाटीवर ढकलले की दाणे पांगत आणि मी पुन्हा सुरू. हे बाहेरून कोणाला कसे दिसावे? पण बघायला तरी हवे होते की नाही?

टांग्यांच्या अड्ड्यावर तर माझी शोभा झाली. पुलाच्या चढावर मी थांबले की टांगेवाले ओरडत, "काय निजामभाई, आमची घोडी लावू का पुढं? एवढंच की तिला लाज वाटेल!"

कँपातल्या एका मिस्त्रीला दाखवले. त्याने सपाट अंगणात मला सुरू केले. मी झोकात सुरू झाले. त्याने इंजिन पुसले, दोन-चार पेच आवळले आणि निकाल दिला, "काही नाही. वय झालंय." सगळ्यांनी माना डोलवल्या. किती सोपे असते हो हे! कोणाचे वय झाले म्हटले की पुढे काही शोधावेच लागत नाही.

मग माघ उजाडला. मैनाला सातवा महिना लागला होता. पहिलटकरीण माहेरी आणायची म्हणून चिमणाबाई आणि निजाम मला घेऊन पेठला गेले. मैना आली ती दोन्ही हातांनी पोट सावरत. तरी बसण्याआधी माझ्या दाराला गाल लावायला विसरली नाही. म्हणाली, "बरी आहेस ना गं?"

नव्हते मी बरी. आणि परतीच्या वाटेवर सावळघाट चढायचा होता.

मधल्या मोठ्या वळणावर दाणे भोकावर बसले. मी थांबले. निजामने मला मागे सोडले, सुरू केले, चढवले. मी पुन्हा थांबले. पुन्हा मागे, पुन्हा वर, पुन्हा ठप्प. दुपारचे ऊन डोक्यावर. इंजिन तापले असेल असे वाटून निजामने घाईघाईने फिरकीचा तांब्या उचलला आणि मैनासाठी आणलेले पिण्याचे पाणी माझ्या रेडिएटरमध्ये ओतून टाकले.

"निजाम!" चिमणाबाई किंचाळल्या. "पोरीचं पाणी होतं ते!"

"वहिनी, मला वाटलं..."

"वाटलं! तुला वाटतं, त्या कँपातल्याला वाटतं, यांना वाटतं! रस्त्यात बसतो आम्ही!"

मैनाने पोटावर हात दाबला. ओठ पांढरे पडले होते. "आई, दुखतंय गं," ती हळूच म्हणाली.

मित्रांनो, मला हात असते तर मी स्वतःचे झाकण फोडून टाकले असते. मी ओरडत होते, आत बघा, आत बघा! पण मोटारीचे ओरडणे म्हणजे भोंगा, आणि तो दुसऱ्याने दाबल्याशिवाय वाजत नाही.

लाकडे टाकून रिकामी बैलगाडी घेऊन काळू नावाचा एक शेतकरी त्या वाटेने परत येत होता. त्याने आधी मैनाकडे पाहिले आणि खांद्यावरचा पाण्याचा भोपळा काढून तिच्या हाती दिला. "पे बाय. झऱ्याचा पानी हे." मैना घटाघटा प्यायली. तिला जरा बरे वाटले. मग काळूने माझ्याभोवती एक चक्कर मारली.

"हिला काय झाला?"

"म्हातारी झालीय," निजाम म्हणाला.

"उपाशी असंल. वैरण घाला तिला, वैरण!" असे म्हणून काळू स्वतःच्याच विनोदावर खदखदून हसला. निजामही हसला. खरे सांगते, त्या थट्टेत कँपातल्या मिस्त्रीच्या निकालापेक्षा जास्त सत्य होते, पण ते दोघांच्याही गावी नव्हते.

त्याने गाडीचे बैल सोडले, माझ्या पुढच्या दांडीला दोर बांधला आणि मला वरपर्यंत ओढत नेले. मी, जिने नवरदेव मिरवले ती, बैलांच्या शेपट्या बघत घाट चढले. घाटमाथ्यावर सपाटी लागताच मी पहिल्या हँडलला सुरू झाले. चिमणाबाई दात-ओठ खात म्हणाल्या, "आता बरी चालतेय सोंगाडी!"

सोंगाडी! मी!

मैनाचे दुखणे घरी पोहोचेपर्यंत थांबले, देवाची कृपा. पण माझा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर सगळी मंडळी बसली होती. तेवढ्यात आळीतली फुलाबाई आपला जुना तांब्याचा बंब घेऊन आली. तो तळाला गळत होता. "शेठ, नवाच द्या बाई आता. हा सासूबाईंच्या वेळचा," ती म्हणाली.

शेठांनी बंब उचलला, उन्हाकडे धरला, आत डोकावले, तळावर बोट फिरवले. "नवा कशाला? अहो, एवढंसं भोक आहे. झाळून देतो. तुमची नातवंडं अंघोळ करतील याच्यात. असं तांबं आता मिळत नाही." बंब त्यांनी प्रेमाने बाजूला ठेवला. आणि त्याच तोंडाने, मान वळवून, निजामला म्हणाले, "मालेगावला इसाकशेठला निरोप धाड. गाडी काढायची आहे."

ऐकलेत ना? बंबात डोकावले. माझ्यात कोणी डोकावले नाही.

"शेठ, एकदा सगळी खोलून बघूया," निजाम अजिजीने म्हणाला.

"खोलून काय बघायचं? आज हे दुरुस्त करा, उद्या ते. नवी घेऊ. बंद काचांची. बटण दाबलं की सुरू होते म्हणे."

"मला तर त्या मोटारीचं नाव नको," चिमणाबाई म्हणाल्या.

मैना भिंतीला टेकून बसली होती. "बाबा, नका ना विकू. हिनंच मला सासरी सोडलं, हिनंच माहेरी आणलं."

"हिनं कुठं आणलं? बैलांनी आणलं," शेठ म्हणाले, आणि विषय संपला.

इसाकशेठ मालेगावात जुन्या यंत्रांचा व्यापार करायचे. दाढीला मेंदी, कानात अत्तराचा फाया. ते आले, माझ्याभोवती फिरले. माझ्यादेखत त्यांनी माझी वाटणी केली, "इंजन पिठाच्या गिरणीला लावीन. पत्रा बादल्यांना जाईल. टायरच्या चपला." पिठाची गिरणी! म्हणजे उरलेले आयुष्यही दाण्यांतच!

सौदा ठरला. बैल जोडून मला न्यायचे, तेवढ्यात शेठांना आठवण झाली. "थांबा, थांबा. कालच पेट्रोल भरलंय हिच्यात. ते उतरवून घेऊ. निजाम, पातेलं आण."

चिमणाबाई चौकटीत उभ्या होत्या. "अहो, आणि रिकामी धाडणार का? रिकामं भांडं घराबाहेर जाऊ नये ना आपल्या?"

"मोटार म्हणजे काय भांडं आहे का?" शेठ खेकसले.

मित्रांनो, हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. पूजेच्या वेळी मी भांडे होते. विकायच्या वेळी मोटार झाले.

निजामने टाकीची नळी सोडवली आणि खाली लखलखीत पितळी पातेले धरले. पेट्रोलची धार लागली. मग ती सुतासारखी बारीक झाली. मग थेंब. मग तेही बंद.

"संपलं?" शेठांनी विचारले.

"कसं संपेल? भरून ठेवलंय मी," निजाम म्हणाला.

इसाकशेठांनी दोन्ही हातांनी मला हलवले. आत डचमळले. "आहे तर आत भरपूर. येत का नाही?" त्यांनी खिशातून एक तार काढली, नळीच्या तोंडातून वर घातली आणि खुपसली.

आधी पाच-सात दाणे पडले. मग पेट्रोलाच्या जोरासरशी मूठभर. मग आणखी. पातेल्याच्या तळाशी फिकट गुलाबी ढीग साचला. मैना जड पावलांनी पुढे आली, वाकून एक दाणा उचलला, बोटांवर फिरवला आणि म्हणाली, "बाबा, या अक्षता आहेत."

देवरामशेठांनी काय केले असेल? त्यांनी हात जोडले! डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "बघा हो, लक्ष्मीच ही! एवढ्या दसऱ्यांच्या अक्षता पोटात जपून ठेवल्या!"

"जपून?" चिमणाबाई ओट्यावरून खाली उतरल्या. मी त्यांना इतके संतापलेले घाटातही पाहिले नव्हते. "हात कसले जोडता? नरड्यात अडकल्या होत्या तिच्या! माझी लेक भर उन्हात पोट धरून बसली होती, ती तुमच्या या चिमटीपायी! आणि मी त्या मुक्या गाडीला सोंगाडी म्हटलं!" असे म्हणून त्यांनी पदराने माझी काच पुसली. काच स्वच्छ होती. तरी पुसली.

निजाम गोठ्यात गेला. परत आला तो खुंटीवरची जाळी घेऊन, तिच्यावरची जळमटे फुंकीत. मान खाली घालून त्याने ती तिच्या जागी बसवली.

इसाकशेठ मात्र पातेल्यात पाहून पोट धरून हसत होते. "देवरामशेठ, जिंदगी गेली मोडीच्या गाड्या घेण्यात. कोणात उंदीर निघाला, कोणात विंचू निघाला. शुभकार्य निघालं ते आजच!"

"आता सौद्याचं?" शेठ चाचरत म्हणाले.

"चालती गाडी मी मोडत नाही. तेवढं पाप नको. पण मालेगावाहून आलो, हात हलवत जाऊ का?"

चिमणाबाईंनी दुकानातली एक तांब्याची घागर उचलली, तिच्यात गूळ आणि शेंगदाणे भरले आणि इसाकशेठांच्या पुढे ठेवली. "घ्या भाऊ. आमच्याकडून भांडं रिकामं जात नाही."

तुम्हाला वाटेल, शेठांनी माझी क्षमा मागितली असेल. छे! ते एवढेच म्हणाले, "तरी नवी एकदा बघून ठेवायला हरकत नाही." पण ती बघायला ते अजून गेलेले नाहीत.

चैत्रात मैनाला मुलगी झाली. उन्हाळा सरता सरता मायलेकींना मीच पेठला सोडून आले आणि यंदा दसऱ्यासाठी आणायलाही मीच गेले. सावळघाट मी एका दमात चढले. मोठ्या वळणावर काळू बांधावर बसला होता. निजामने भोंगा दाबला. काळू ओरडला, "वैरण घातली वाटतं!"

दसऱ्याला माझी पूजा झाली. झेंडूची माळ, हळद, कुंकू, सगळे नेहमीसारखे. शेठांनी ताटातून चिमूट उचलली, आणि काय सांगू, सवयीने त्यांचा हात माझ्या झाकणाकडे गेला! चिमणाबाईंनी आपला तळहात झाकणावर ठेवला. "बाहेर," त्या म्हणाल्या. शेठ ओशाळले. त्यांनी दोन दाणे झाकणावर ठेवले आणि बाकीचे मैनाच्या कडेवरच्या छकुलीच्या चिमुकल्या मुठीत दिले.

छकुलीने मूठ तोंडात घातली.

"अगं अगं अगं! तोंडात घातलं तिनं!" मैना ओरडली. शेठांच्या हातातले ताट खाली पडले. निजाम धावला, चिमणाबाई धावल्या, चौघांनी त्या पोरीचे गाल दाबले, तोंड उघडायला लावले, बोट घालून जिभेवरून, टाळूवरून एकेक दाणा शोधून काढला. "घशात तर नाही ना अडकला? नीट बघ! उजेडाकडे धर!"

नीट बघ. उजेडाकडे धर. मित्रांनो, हेच शब्द मी इतकी वर्षे ऐकायला आसुसले होते.

छकुलीसाठी घर धावले, हे योग्यच झाले. मीही जागच्या जागी थरथरले. पण तुमच्या घरात जे जुने झाले असेल, मग ती मोटार असो, शिवणयंत्र असो की अंगणातली विहीर, त्याला मोडीत काढण्याआधी एकदा झाकण उघडून आत बघा. आमची पूजा करा, नाही कोण म्हणते? फुले बाहेर वाहा, कुंकू बाहेर लावा. आत फक्त तेल घाला, आणि अधूनमधून आपली नजर.

ते झाल्यावर छकुली हसली आणि तिने ओला गाल माझ्या दाराला टेकवला. दार उन्हाने तापले होते. तिने चटकन मान मागे घेतली आणि आईकडे पाहिले. तिला अजून बोलता येत नाही. पण ती काय विचारत होती, ते मला कळले.